लिमयेकाकूंची कॅसेट

अण्णांनी मला कामावर घेतलं ते केवळ मला इंग्रजी वाचता येत होतं म्हणून. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं आणि तिथे नवा कॉम्प्युटर आला होता. त्याची पूजा झाली होती, मॉनिटरवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, खोलीत एसी बसला होता, दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लागली होती. फक्त तो चालवायचा कसा, हे कोणाला ठाऊक नव्हतं. सोबत आलेलं माहितीपुस्तक विटेएवढं जाड होतं. मी शेजारच्या दुकानात झेरॉक्स काढायला उभी होते, तर अण्णा ते पुस्तक दोन्ही हातांत धरून बाहेर आले. शाळेच्या गणवेशात मला जाता-येता त्यांनी कितीतरी वर्षं पाहिलं होतं.

"म्याडम, तुमी इंग्लिश मिडियमच्या ना? हे वाचता येतंय का?"

"हो."

"आन् समजतंय का?"

"थोडं थोडं."

"मंग झालं की. आमाला तेवढं बी न्हाय."

सिनेमाकडे कशा वळलात, असं मला अजून कोणी कोणी विचारतं. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एखाद्या भारदस्त उत्तराची वाट पाहणं असतं. मी झेरॉक्स काढायला उभी होते, हे सांगताना मला आजही संकोच वाटतो, म्हणून मी बहुतेक वेळा 'हळूहळू' एवढंच म्हणते.

पण चित्रांची सवय त्याआधी घरातच लागली होती, आणि ती बाबांच्या झोपेमुळे लागली होती. बाबा कारखान्यात शिफ्टला जात. रात्रपाळी असली की ते दिवसा झोपत आणि आमच्या दोन खोल्यांमधला सगळा आवाज आई गिळून टाकी. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून आई उलथन्याच्या टोकाने ती अलगद उचलून धरायची. नुसती वाफ निघायची, फुस्स. फोनवर उशी. दाराच्या कडीत कापडाची घडी. दुपारी भाकरी थापतानासुद्धा तिचा हात इतका हलका पडे, की परातीवर कोणी बोटांनी ताल धरलाय असं वाटावं. वडा-भात केला असला तर वडे तळल्याचा वास येई, आवाज नाही. केबल नुकतीच आली होती. आई आणि मी दुपारच्या मालिका पाहायचो, आवाज पूर्ण बंद करून. पात्रांचे संवाद आई माझ्या कानाशी कुजबुजून पुरवी, तेही आपल्या वऱ्हाडीत. "पाह्य, सासू म्हणून राहिली, 'माह्या घरात तुह्यं काय काम?' आता सून काय म्हणते? काही नाही म्हणत. गरीब आहे बिचारी, मी असती त दोन ठेवून दिल्या असत्या तिले." हसू आवरायला मी उशी तोंडात धरायची. आवाज नसला की चित्रांचे सांधे दिसतात, हे मला तेव्हा कळलं. एक चेहरा, मग दुसरा चेहरा, मग बंद दार. दाराचा त्या चेहऱ्यांशी काही संबंध नसे, पण दार दिसलं की मनात यायचं, आता कोणीतरी येणार. ते कोणी केलं, कसं केलं, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. मी कोणालाच काही विचारत नसे.

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. घरात आईची वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी (मराठीत बोललं की बाई वर्गाबाहेर उभं करत), आणि जिन्यात पुण्याचं मराठी. या तिन्हींच्या मध्ये उभं राहून मी गप्प बसायला शिकले होते. आमच्या वरच्या मजल्यावर लिमयेकाकू राहत. आईची आणि त्यांची मैत्री गच्चीवर पापड वाळवताना झाली आणि ती टिकली, याचं मला कायम आश्चर्य वाटे, कारण काकू आईचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करत. "'करून राहिले' नाही हो, 'करते आहे'." आई म्हणायची, "हो न, तेच करून राहिले," आणि दोघी हसायच्या. मला मात्र तिथेच भिंतीत शिरावंसं वाटे. मला पाहिलं की काकू म्हणत, "या, राणीच्या देशातल्या. आज एखादं वाक्य बोलणार, की मूकमोर्चाच?" मी हसल्यासारखं करून जिना उतरायची. त्यांची अनघाताई मात्र माझ्या केसांवरून हात फिरवून जायची.

बाबांनी मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं. त्या दिवसांत सगळ्यांनीच घातलं होतं. आमच्या इमारतीतला प्रत्येक तरुण मुलगा एक तर अमेरिकेला गेला होता किंवा जाणार होता, आणि जिन्यातून बॅगांची चाकं खडखडत उतरताना ऐकली की आया दार उघडून कोण चाललं ते पाहत. मला प्रोग्रॅम लिहिता येत, पण ते लिहिताना कोणाचा चेहरा दिसत नसे. अण्णांच्या दुकानात मी जायला लागले तेव्हा आईने सगळीकडे सांगितलं, "आमची कॉम्प्युटरवर काम करते." कसलं काम, हे बाबांनाही बराच काळ कळलं नव्हतं आणि मीही सांगायला गेले नाही.

अण्णा मूळ गावातले. आमची सोसायटी उभी होती तिथे त्यांच्या वडिलांची ज्वारी व्हायची. ते त्याबद्दल कधी हळहळले नाहीत, उलट गिऱ्हाइकाला सांगत, "तुमच्या हॉलात आमची इहीर व्हती बरं का, जरा सांबाळून नाचा." शूटिंग ते स्वतः करत. त्यांच्या कॅसेटमध्ये गुलाबाच्या पाकळ्या उलगडून त्यातून नवरी येई, नवरा तळहातावर उभा राही, आणि पानाच्या आकाराच्या चौकटीत सासूबाई फिरत. गिऱ्हाइकाला ते हवंच असे. पुस्तक वाचून वाचून मी कॉम्प्युटरवर ते सगळं करायला शिकले, आणि त्यातलं बरंचसं मला आवडायचंही. उगाच आज नाक मुरडण्यात अर्थ नाही. एक पाकळी उलगडायला कॉम्प्युटर तासभर घेई. तोवर आम्ही चहा पीत बसायचो आणि अण्णा मला लग्नांचं शास्त्र सांगत. म्हणजे विधींचं नव्हे, शूटिंगचं. कुठल्या क्षणी कुठे उभं राहायचं. नवरीचा बाप कधी डोळे पुसतो. कुठली मावशी रुसलेली आहे आणि म्हणून तिला दोनदा घ्यायचं. यातला सगळ्यात मोलाचा धडा आत्याबाईंचा होता. पुण्याच्या लग्नात एक आत्या किंवा एक काका स्वतः रचलेलं मंगलाष्टक घेऊन येतात. त्यात दोन्ही घराण्यांची सगळी नावं असतात, नवरदेवाच्या पदव्या असतात, आणि ते कागद बघून संथ चालीत म्हटलं जातं. "तेवढ्यात मानूस स्वारगेटला जाऊन यील," अण्णा म्हणायचे. ते दर लग्नात त्या वेळेत मागे जाऊन भटारखाना घेत, पंगतीची तयारी घेत, आणि आत्याबाई शेवटच्या कडव्याला आल्या की बरोबर स्टेजसमोर हजर होत.

आणि इतकं करूनही काही सुटलंच, तर भरतीची कॅसेट होती. ती वेगळ्या कपाटात असे. समईची ज्योत, सनईवरची बोटं, अक्षतांचं ताट, मेंदीचे हात, आणि पाठीमागून घेतलेला, दूर होणारा आंतरपाट. कुठल्या कुठल्या लग्नांमधून वेचून ठेवलेलं. ज्या लग्नात जे कमी पडेल ते त्यातून भरायचं. सगळेच भरत. कोणाच्या लग्नात कोणाच्या समया तेवत होत्या, ते आता कोणाला सांगता येणार नाही.

अनघाताईचं लग्न ठरलं. मुलगा सॉफ्टवेअरमधला, लग्न झालं की आठवड्यात दोघं अमेरिकेला. लिमयेकाकू शूटिंगचं बोलायला दुकानात आल्या. चपला बाहेर काढल्या, पाटी वाचली, म्हणाल्या, "देव कुठे बसवलाय?" अण्णांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. मग त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "हे पाहा, तुमच्या त्या पाकळ्या-बिकळ्या काय त्या घाला, मला कर्तव्य नाही. पण आंतरपाट दूर होतो, त्या वेळचा अनघाचा चेहरा मला नीट दिसला पाहिजे. आमच्याकडे मुलीच्या आईने लग्न लागताना पाहायचं नसतं. तुळशीपाशी पाठ करून बसायचं. माझ्या आईने माझं पाहिलं नाही, तिच्या आईने तिचं नाही. त्यांना कॅसेट नव्हती. मला आहे."

"काकू, तुमी काळजीच करू नका," अण्णा म्हणाले. "तेवढं सोडून दुसरं काय बी चुकंल."

लग्नाला मी गेले होते, पाहुणी म्हणून. आई आणि मी खांबापाशी उभ्या होतो, मुठीत अक्षता. अनघाताईच्या आत्याबाई माइकपाशी आल्या, चष्मा लावला, कागद उलगडला. तो उलगडतच राहिला, आणि गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं; अण्णांनी तेवढं टिपलं. मी पाहिलं, अण्णा कॅमेरा खांद्यावर घेऊन शांतपणे मागच्या दाराने निघाले. आत्याबाई नवरदेवाच्या आजोळापर्यंत आल्या असतील, तेवढ्यात गुरुजींनी पुन्हा घड्याळ पाहिलं, मग आत्याबाईंचा कागद पाहिला, आणि माइक सरळ स्वतःकडे ओढला. "पुरे, पुरे, मुहूर्त टळेल." पुढे एका दमात शेवटचं कडवं, सावधान, आणि बँड. माझ्या हातातल्या अक्षता सुटल्या. आंतरपाट बाजूला झाला. अनघाताईने वर पाहिलं. मी ते पाहिलं, सगळ्या कार्यालयाने पाहिलं. स्टेजसमोर अण्णांची जागा मात्र रिकामी होती. मग मागच्या दारातून ते धावत आले, वायर पायात, तोंड पांढरं. तोवर हार घालून झाले होते आणि गुरुजी आंतरपाटाची घडी घालत होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात अण्णा चहाला शिवले नाहीत. "दर लग्नात त्या बाया येळ खात्यात. ह्यो भटजी मधीच तोडंल, हे सपनात तरी आलं व्हतं का? लाव भरतीतला. पाठीमागून हाय, तोंड दिसत न्हाय. कुनाच्या बापाला कळनार न्हाय."

मी लावला. तसाच पांढरा आंतरपाट, तसंच कुंकवाचं स्वस्तिक, तसाच पिवळा उजेड. त्यापुढे हार घातलेली अनघाताई जोडली, वर दोन पाकळ्या उलगडल्या. तो इतका चपखल बसला की मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा मला सांधा सापडला नाही. काम चोख झालं होतं. आणि काकू आता त्यांच्या दिवाणखान्यात बसून, आयुष्यभर ज्याच्यासाठी थांबल्या ते म्हणून, कुठल्यातरी परक्या मुलीची पाठ पाहणार होत्या. कळणार नव्हतंच. तेच मला सहन होईना. मी भित्री होते, तोंडातून शब्द न निघणारी होते, पण हे पडद्यावर सारखं सारखं चालवून पाहिल्यावर मी ते तिथेच थांबवलं. अण्णा जेवायला गेले, तेव्हा त्या वेळेला त्यांच्या कॅमेऱ्यात नेमकं काय आलं होतं, ते मी कॉम्प्युटरवर घेतलं.

कार्यालयाच्या मागचा चौक. दोरीवर वाळणारे आचाऱ्यांचे पंचे. तुळशीवृंदावन, आणि त्याच्यासमोर पाटावर काकू, कॅमेऱ्याकडे पाठ, चेहऱ्याची एक बाजू तेवढी दिसते. कर्ण्यातून आत्याबाईंचा आवाज येतोय. काकूंचे ओठ त्याबरोबर हलतायत. सगळं पाठ असणार, वाचून दाखवलं असणार घरी दहादा. हात तुळशीची वाळकी पानं खुडतोय, एक, एक, परसात बसल्यासारखा. मग गुरुजींचा आवाज मध्येच घुसतो. काकूंचा हात थांबतो. कोणीतरी नावाने हाक मारावी तशी त्यांची मान वर होते. बँड सुरू होतो, आणि त्यांची मान वळायला लागते, कार्यालयाकडे, कॅमेऱ्याकडे. अर्धी वळते, आणि तिथेच थांबते. किती वेळ, ते मोजायला नको. त्या ती मान परत तुळशीकडे आणतात. मग मुठीतल्या अक्षता, मागे न बघता, खांद्यावरून मागे फेकतात. त्या सरळ कॅमेऱ्यावर येतात. काचेवर टिकटिक आवाज होतो. मग अण्णांचं "आयला, लागलं की लगीन!", आणि पुढे नुसती फरशी, चपला, साड्यांचे काठ, धावणं.

अण्णा त्या चौकातून लगेच का निघाले नाहीत, हे मी त्यांना पुढे अनेक वर्षांनी विचारलं. म्हणाले, "म्हायती न्हाय. पाय उचललाच न्हाय बग."

मी धावण्याचा भाग काढला. पाकळ्या काढल्या. आत्याबाई, गुरुजींचं घड्याळ, आणि मग काकू, पूर्ण, एकही कट न देता. अक्षता फेकतात तिथपर्यंत. त्याच्यापुढे काय ठेवायचं, हे शोधायला मला ती दुपार लागली. अनघाताईचा हार घातलेला हसरा चेहरा ठेवला, तर ते फोटोसारखं वाटे. बँडवाले ठेवले, तर खोटं. मग मला एक तुकडा सापडला. अण्णा धापा टाकत स्टेजपाशी पोचल्यावर त्यांचा कॅमेरा चुकून अनघाताईच्या डोक्याशी फार जवळ गेला होता: केसांत, वेणीतल्या फुलांत अडकलेले तांदळाचे दाणे, आणि ती ते झटकत नाहीये. मी तो काकूंच्या हाताला जोडला. काकूंनी मागे फेकलं; अनघाताईच्या केसांत दाणे. मी ते लावून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवून उभी राहिले. आवाज बंद करून मालिका पाहताना जे बंद दार दिसायचं, ते दार कोण लावतं, ते मला त्या दिवशी कळलं.

आता मी संकलन शिकवते; हे सांगितल्यावर एक मुलगी परवा वर्गात म्हणाली, "मॅम, पण हेही खोटंच ना? काकूंचे तांदूळ तर तुळशीपाशीच पडले. मग परक्या आंतरपाटात आणि यात फरक काय?" तिला मी काहीतरी उत्तर दिलं. अजून विचार करते आहे.

अण्णा जेवून आले ते संध्याकाळीच. मी लावून दाखवलं.

"इफेक्ट कुठंय?"

"नाही टाकला."

"गुलाब?"

मी मान हलवली. त्यांनी पुन्हा बघितलं. दारातल्या चपला नीट करायला म्हणून बाहेर गेले, आणि आत आले तेव्हा डोळे लाल होते. "लई चांगलं झालंय," ते म्हणाले. "आन् लई वंगाळ बी. ती बाई आंतरपाट मागनार. दोन्ही कॅसेटी घिऊन जा. आदी ही लाव. चिडल्याच, तर दुसरी दे आन् काय बोलू नको. मी काय येत न्हाय. त्यांच्या तोंडाला मी लागत न्हाय."

अनघाताईच्या निघण्याचा आदला दिवस होता. काकूंच्या दिवाणखान्यात दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या. मेतकूट, गोडा मसाला, पंचात गुंडाळलेला छोटा कुकर. लिमयेकाका बँकेत गेले होते, जावई त्यांच्या घरी. आई माझ्याबरोबर आली होती. "चाल, मी येते संगं. तू काय बोलशील तिथं, मले माहीत आहे." काकूंनी कैरीचं पन्हं दिलं, व्हीसीआरमध्ये कॅसेट सारली आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दुसरी कॅसेट माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती.

सुरुवातीला सगळं मजेत चाललं. रुखवतावर काकू म्हणाल्या, "तो चिवड्याचा किल्ला वाकडा होता, सांगत होते मी." व्याही दिसले तर, "पोट आत घेतलंय बघा, फोटोपुरतं." आत्याबाई माइकपाशी आल्या. "आल्या वन्सं. आता बसा. आगगाडी आहे, डबे संपायचे नाहीत." गुरुजींनी घड्याळ पाहिलं तेव्हा अनघाताई खुदकन हसली. आणि मग पडद्यावर चौक आला.

पडद्यावर काकू तुळशीची पानं खुडत होत्या आणि इथे काकू उभ्या होत्या, तशाच. बँड वाजला. मान अर्धी वळली, परत गेली. अक्षता. केसांतले दाणे. मग गळ्यातले हार, घडी घातलेला आंतरपाट, पंगती.

"आणि लग्न?" काकू म्हणाल्या.

आईने माझ्याकडे पाहिलं. कुठल्या भाषेत सांगायचं, ते आधी सुचेना.

"काकू, ते नाहीये. गुरुजींनी आत्यांना मध्येच थांबवलं, तेव्हा अण्णा मागे तुमच्यापाशी होते. ते पोचेपर्यंत झालं होतं. अनघाताईचा तो चेहरा कोणाकडेच नाही."

त्यांच्याशी इतकं सलग मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. "वा," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला जे पाहायचं होतं ते नाही, आणि मी मात्र आहे. माझं तोंड मी रोज आरशात बघते. त्याला कॅसेट कशाला?" आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज यायला लागला, गरजेपेक्षा जास्त.

माझा हात पिशवीत गेला. बोटांना दुसरी कॅसेट लागली. ती काढून दिली असती, तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. काकूंना आंतरपाट मिळाला असता, अण्णांचं नाव राहिलं असतं. तेवढ्यात अनघाताई जमिनीवरून उठली, बॅग ओलांडून गेली आणि तिने कॅसेट मागे घेतली. पुन्हा चौक. पुन्हा अर्धी वळलेली मान. तिने पुन्हा मागे घेतली.

"आई," ती न वळता म्हणाली, "तू इकडे बघणार होतीस?"

"काहीतरीच. मुंगी चावली मानेला."

"मी वर बघितलं ना, तेव्हा आधी तुलाच शोधलं. माहीत होतं तू नाहीयेस. तरी शोधलं."

भांडी थांबली. माझ्या आईने पदर तोंडाला लावला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात ओलं फडकं.

"त्या पिशवीत काय आहे गं?" त्यांनी मला विचारलं.

"दुसरी कॅसेट. त्यात आंतरपाट आहे. पण तो अनघाताईचा नाही."

"मग कोणाचा?"

"माहीत नाही."

"मग ज्यांचा असेल त्यांना नेऊन दे. आमच्याकडे नको." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. पडद्यावर अक्षता काचेवर येऊन आपटत होत्या आणि लगेच केसांतले दाणे दिसत होते. काकू पुढे वाकून पाहायला लागल्या. "मी तर तिथे मागे. ही तिकडे स्टेजवर. हे तांदूळ इथून तिथे कसे पोचले?"

"मी जोडले, काकू."

मला वाटलं, त्या ओरडतील, माझं वाक्य दुरुस्त करतील, किंवा विचारतील की तुला कोणी सांगितलं होतं. त्यांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी एक बॅग पायाने बाजूला सरकवली, अनघाताईच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, जिथे दाणे होते बरोबर तिथे.

"परत लाव," काकू म्हणाल्या.